मालक बघून मशीन

मागच्या आठवड्यात भिगवणकडचा एक माणूस मोटारसायकलवरून आमच्या वस्तीवर आला आणि किसनतात्याचं घर कुठलं म्हणून इचारायला लागला. मी बांधावर बसलेलो. म्हणलं, काम काय? तर म्हणला, मका पेरायचं जुनं मशीन इकायचंय, तात्यांनी येऊन एकदा नापसंत करून जावं. मी म्हणलं, तात्या गेला. माणूस गाडीवरनं खाली उतरला, टोपी काढून हातात धरली आणि म्हणला, "मंग आता आमच्या मशीनला नाव कुणी ठेवायचं, आबा?"

परगावच्या माणसाला वाटेल म्हातारा थट्टा करतोय. मी चौथीपतोर शाळा शिकलोय, पण थट्टा करायला मला येत न्हाय आणि आवडत बी न्हाय. गोष्ट खरीच अशी होती. लासुर्ण्यापासनं भिगवणपतोर ज्या मशीनला किसनतात्यानं नाव ठेवलं, ते लगेच खपायचं. कारण लोकांच्या ध्यानात आलं होतं की भंगार मशीनकडं तात्या ढुंकून बघत न्हाय. मशीन चांगलं असलं तरच त्यात खोट काढायला बसतो. त्यामुळं तात्यानं नापसंत केलं म्हणजे माल उत्तम, असा हिशोब बसला होता. तात्याला मात्र हे कुणी सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर त्यानं पसंत करायला सुरुवात केली असती आणि सगळ्यांचंच नुकसान झालं असतं.

तात्या म्हणजे उंच, वाळका, एक भुवई कायम वर. समोरचा माणूस खरं बोलला तरी ती भुवई खाली यायची न्हाय. सदऱ्याच्या खिशात मक्याचं बी आणि तंबाखू एकत्रच. मशीन तपासायला बी काढायचा तेव्हा त्याला तंबाखू चिकटलेली असायची, आणि तंबाखू मळायचा तेव्हा मधेच एखादा दाणा दाताखाली यायचा. मग थांबून म्हणायचा, "बी चांगलं हाय." गाडी त्याला चालवता येत न्हवती. मी चालवायचो, तो मागं बसून वळायच्या आधी माझ्या बरगडीत बोट खुपसायचा. डावीकडं जायचं असलं तर डावी बरगडी. एवढी वर्षं मी त्याच रस्त्यानं हिंडतोय, मला काय रस्ता दाखवायचा? पण न्हाय.

तात्याची जमीन दीड एकर, कालव्याच्या फाट्याला लागून, माझ्या बांधाला बांध. सगळ्यात मका. तो मका कुट्टी करून खड्ड्यात दाबायचा, त्याचा मुरघास व्हायचा, आणि त्या मुरघासावर तात्याच्या बायकोच्या, सुभद्रावहिनीच्या, दोन गायी. गायी तात्याच्या न्हवत्या, वहिनीच्या होत्या. तिनं वडगाव निंबाळकरच्या भावाकडनं एक कालवड आणली आणि तिच्यावर गोठा वाढवला. घरात चार पैसे दिसायचे ते त्या गायींमुळं. आणि मका टोकायची बी वहिनीच. हातात खुरपं, पदराच्या ओट्यात बी, उकिडवं बसून एकेक दाणा मातीत घालत दीड एकर. शेवटी गुडघे गेले. बारामतीच्या डॉक्टरनं सांगितलं, आता उकिडवं बसायचं न्हाय, न्हायतर उभं राहायचं बी इसरा.

तात्या तितंच दवाखान्यात म्हणला, "ह्या पाळीला मशीन आणतो."

ही पाळी, ती पाळी. कालव्याला किती पाण्याच्या पाळ्या येऊन गेल्या. वहिनी आपली कण्हत कण्हत टोकतच होती.

नवं मशीन घे म्हणलं तर तात्याला पटायचं न्हाय. एकदा बारामतीत दुकानात नेला होता मी त्याला. लाल रंगाचं झकपक मशीन, दुकानदार कौतुकानं सांगतोय. वरची ही बियांची पेटी, आत ही भोकांची चकती, चाक फिरलं की चकती फिरते, एकेक दाणा नळीतनं ह्या माती उकरणाऱ्या फणामागं पडतो. तात्यानं सगळं ऐकून घेतलं आणि इचारलं, "ह्यानं आतापतोर काय पेरलंय?"

दुकानदार म्हणला, "अहो नवं आहे, काहीच न्हाय."

"मंग ह्याला इचारायचं काय? ह्याला तरी कुठं काय म्हाइती हाय." आणि बाहेर येऊन मला म्हणला, "आबा, ज्याचं मागचं कळत न्हाय त्याला घरात घ्यायचं न्हाय."

त्याचं म्हणणं असं होतं की मशीन मालकाच्या वळणावर जातं. मालक तापट असला तर मशीन बी भसाभसा टाकतं. मालक चिकट असला तर दाणा सोडता सोडत न्हाय. म्हणून मशीन बघायच्या आधी मालक बघायचा. पाणी कशात देतो, गोठा झाडलाय का, म्हातारी माणसं दारात बसलीत का परड्यात. पोरगी द्यायला स्थळ बघावं तसं. मालकाचं सगळं बघून झालं आणि उजेड राहिला तर मशीन बघायचं. फोनवर मशीनचा फोटो आला तर लांब धरून बघायचा आणि म्हणायचा, "ह्यात मालक कुठं हाय?"

आता माझं सांगतो. माझ्या शेडात मका पेरायचं, ट्रॅक्टरला जोडायचं मशीन उभं होतं. चांगलं, चालू, तेलपाणी केलेलं. मी डाळिंब लावलं तेव्हापासनं त्याला काम न्हवतं. शेडाची मागची बाजू तात्याच्या बांधावर उघडी. तात्या दिवसातनं कितीदा तितनं जायचा, पण मान दुसरीकडं फिरवून. डाळजला जाईल, वडगावला जाईल, माझ्याच गाडीवर जाईल, पण बांध ओलांडून माझं मशीन बघायला येणार न्हाय.

मालक बघून मशीन घेणारा माणूस माझं मशीन बघत न्हाय, ह्याचा अर्थ काय होतो ते कळायला चौथी पुरते. मी बी ठरवलं, आपण म्हणून "घे" म्हणायचं न्हाय. गिऱ्हाईक दारात आल्याबिगर आपला माल पुढं करणारा माणूस मी न्हवं. अजून बी न्हाय.

डाळजला गेलो होतो ते सांगतो. मालक साधा, पाणी तांब्यातनं दिलं, गोठा लख्ख. तात्याची भुवई खाली येती का काय असं मला वाटलं. मशीन अंगणात काढलं. तात्यानं पेटीत खिशातलं बी टाकलं, आमी दोघांनी मशीन पुढं ढकललं, मागं दाणे पडाय लागले. आणि घरच्या सगळ्या कोंबड्या धावत आल्या. दाणा पडला की गायब, दाणा पडला की गायब. तात्या मागं वळून बघतो तर अंगण साफ.

"पडंना की बी," तात्या म्हणला.

मालक म्हणला, "पडतंय तात्या, कोंबड्या खात्यात."

"कोंबड्या का येत्यात पण?"

"बी पडतंय म्हणून."

"न्हाय. ह्या मशीनला कोंबड्यांची सवय हाय. माझ्या रानात नेलं तर ह्यांच्या कोंबड्या डाळजवरनं माझ्याकडं येतील."

मालकानं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं. ते मशीन तात्याची पाठ फिरायच्या आत शेजाऱ्यानं नेलं म्हणे.

वडगाव निंबाळकरला दुसरीच तऱ्हा. तितला मालक चांगला बोलका, पोहे झाले, चहा झाला. तात्या म्हणला, "जरा रानात चालून दाखवा."

"मशीन?"

"तुमी. माणूस सरळ चालत आसंल तर पेरणीचं तास सरळ पडतं."

तो माणूस उठला आणि चालायला लागला. एका पायानं अधू होता बिचारा, कधीकाळी अपघात झालेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याच्या रानातला मका बघितला तर दोरी लावल्यासारखी तासं. मी तात्याच्या कानात म्हणलं, "बघ, झाली का खात्री? घे आता." तात्या त्या तासांकडं लई वेळ बघत राहिला. मग म्हणला, "मालक असा चालतो आणि तासं अशी पडत्यात. म्हणजे मशीनला मालकाला सावरून घ्यायची सवय हाय. मी सरळ चालतो. माझ्याकडं ते दुसऱ्या अंगाला जाईल." त्या माणसाला राग यायचा सोडून हसू आलं. म्हणला, "तात्या, तुमाला मशीन न्हाय पायजे, तुमाला हिंडायला पायजे." वाटेत माझ्या दोन्ही बरगड्यांत एकदम बोटं खुपसली तात्यानं. गाडी थांबवली. म्हणला, "तो असं का म्हणला रं?" मी म्हणलं, "मला काय म्हाईत." आणि गाडी चालू केली.

पण सगळ्यात कहर केला तो एका म्हाताऱ्या बाईच्या दारात. नवरा वारलेला, पोरं पुण्याला, रान वाट्यानं दिलेलं. मशीन नवऱ्याचं. घोंगड्यानं झाकून ठेवलेलं, चकतीला गंज न्हाय, नळीत जाळं न्हाय. तात्यानं घोंगडं काढलं आणि पहिल्यांदा त्याच्या दोन्ही भुवया मी एका रेषेत बघितल्या. मशीनवरनं नुसता हात फिरवला. मला वाटलं, चला, सुटलो. वहिनीचे गुडघे सुटले.

तात्या त्या बाईसमोर जाऊन बसला आणि म्हणला, "मावशी, हे इकू नका."

"आवं, मंग तुमी आलाय कशाला?"

"आलतो घ्यायलाच. पण इतकी चांगली वस्तू इकायची नसती. मालकानं किती जीवापाड संभाळली बघा. इकाल आणि पस्तावाल."

त्या बाईच्या डोळ्याला पाणी आलं. तिनं पदरानं मशीन पुसलं, आमाला जेवायला वाढलं, आणि मशीन पुन्हा झाकलं. आमी हात हलवत परत. गाडी मी रागानं पळवली. तात्याच मागनं समजूत घालतोय, "चांगला माणूस चांगलं मशीन इकत न्हाय, आबा. आणि जो इकतो तो चांगला माणूस न्हाय, मंग त्याचं मशीन तरी चांगलं कसं आसंल?"

मी गाडी थांबवली. म्हणलं, "तात्या, म्हणजे जगात तुला घेण्याजोगं जुनं मशीनच न्हाय."

"घाई करू नगं," तात्या म्हणला. "निघंल एखादं."

यंदा मात्र वहिनीनं इंगा दाखवला. फाट्याला पाणी आलं, रान भिजवून झालं, आता दोन-तीन दिवसांत वाफसा येणार. म्हणजे माती ना ओली ना कोरडी, पेरायला नेमकी. तो वाफसा गेला तर पुढच्या पाळीपतोर रान कोरडं. खड्ड्यातला मुरघास तळाला गेलेला. वहिनीनं घरातली प्लास्टिकची खुर्ची उचलली, रानाच्या बांधावर नेऊन मांडली आणि बसली. तात्यानं बी आणून दिलं तर ते मांडीवर घेऊन बसली.

तात्या म्हणला, "आगं, टोकायला कधी घेतीस?"

"मी आता उकिडवी बसायची न्हाय. खुर्चीवर बसून टोकता येत आसंल तर दाखवा."

"मंग गायी काय खातील?"

"त्या मी भावाकडं पाठवते. आणि त्यांच्या मागं मी बी जाते. तुमी बसा मशीनं बघत."

हे मी माझ्या डाळिंबात उभं राहून ऐकलं. चोरून न्हाय ऐकलं, वारा तिकडनं होता. गायी त्या बाईच्या जिवाचा तुकडा, आणि ती त्या दुसऱ्याच्या दावणीला बांधायला निघाली म्हणल्यावर मला कळलं की हे नुसतं बोलणं न्हाय. तात्याला बी कळलं असावं. दुपारभर तो रिकाम्या रानात उभा होता.

संध्याकाळी वहिनी आमच्या दारात आली. म्हणली, "भावजी, आमचे हे उद्या मशीन बघायला येत्यात. पोहे करायला सांगा."

"कुणाचं मशीन?"

"तुमचं."

"मी इकायला काढलंय का?"

"इकू नका. दाखवा तरी." एवढं म्हणून ती आमच्या हिच्याकडं स्वैपाकघरात गेली. दोघी काय कुजबुजल्या मला कळलं न्हाय.

सकाळी फाटकात तात्या. धुतलेलं धोतर, कडक टोपी, हातात नारळ. मला म्हणतो, "आबा, गाडी काढ. मशीन बघायला जायचंय."

"कुठं?"

"तुझ्याकडं."

दुसरा कुणी असता तर त्यानं तितंच हात धरून आत घेतला असता. पण मशीन बघायला जायचं म्हणजे गाडीवर जायचं, ही आमची रीत पडलेली. आणि माझं मशीन काय बाकीच्यांपेक्षा हलकं होतं? मी गाडी काढली. कालव्याच्या रस्त्यानं लासुर्ण्याच्या स्टँडवर गेलो, चहा घेतला, परत फिरलो. वस्तीच्या वळणावर तात्यानं उजव्या बरगडीत बोट खुपसलं. माझ्याच घराकडं वळायला. दारात गाडी लावून मी आधी घरात गेलो, पायताण काढलं, आणि मग बाहेर येऊन म्हणलं, "या, या. कुठलं गाव?"

"हितलंच. पलीकडच्या बांधाचं."

पाणी दिलं. तांब्याच्या भांड्यात दिलं, मी काय कमी न्हाय. तात्यानं गोठा बघितला, परडं बघितलं, आणि ओसरीवर बसून आमच्या हिला इचारलं, "वहिनी, माणूस कसा हाय?"

"हट्टी हाय," ही म्हणली.

"खोटं बोलतो?"

"खोटं पुढं आठवावं लागतं. तेवढं त्यास्नी जमत न्हाय."

तात्या इचारात पडला. "हट्टी मालकाचं मशीन. म्हणजे दगड आला तरी फण सोडायचं न्हाय. फण वाकलेला असणार."

मी म्हणलं, "वाकलेला एक फण दाखव, मी मिशी काढतो."

"इकतोस कशाला पण?"

"कोण इकतंय? मी न्हाय इकत."

"मंग बघायला बोलावलं कशाला?"

"मी न्हाय बोलावलं. तू आलास."

"मला तू आणलंस. गाडीवर."

ते खरं होतं. तात्याची भुवई हळूहळू खाली यायला लागली. "इकत न्हाईस," तो म्हणला, "म्हणजे तुला त्याची किंमत हाय. म्हणजे मशीन चांगलं हाय. मंग घ्यायला पायजे."

"पण मी देत न्हाय."

"म्हणूनच घ्यायला पायजे."

"बरं बाबा, इकतो. घे."

भुवई परत वर. "आत्ता न्हाय म्हणत व्हतास. एवढ्यात इकायला निघालास? काय तरी खोट असणार."

"मंग न्हाय इकत."

"बघ, घेण्यासारखंच हाय."

पोहे गार झाले. चहावर साय आली. दोघांचे आवाज इतके चढले की आमाला ट्रॅक्टरचा आवाज लई उशिरा ऐकायला आला. ट्रॅक्टर तात्याच्या रानातनं येत होता. आमी उठून शेडात गेलो. मशीन जागेवर न्हवतं. मालक बघण्यातच सकाळ गेलेली, मशीनपतोर तात्या पोचलाच न्हवता, आणि मागच्या उघड्या बाजूनं वहिनीनं ते भाड्याच्या ट्रॅक्टरला जोडून नेलं होतं. ही माझ्या मागनं येऊन म्हणली, "पोह्यांना मुद्दाम उशीर केला मी."

बांधावर वहिनी खुर्चीत बसलेली आणि हातानं ट्रॅक्टरवाल्याला दाखवत होती, इकडून वळ, तिकडून वळ. निम्मं रान पेरून झालं होतं. तात्या धावत रानात शिरला, एका तासाशी वाकला आणि बोटानं माती उकरून दाणा बाहेर काढला.

वहिनी बसल्या जागेवरनं म्हणली, "उकरू नका. जेवढं उकराल तेवढं तुमी बसून टोकायचं."

तात्यानं दाणा परत मातीत ठेवला आणि वरनं तळवा दाबला.

मका सगळा उगवला. एकसारखा, एका उंचीचा. गायी कुठं गेल्या न्हायत, वहिनी बी गेली न्हाय. पण मशीन इकलं का दिलं का नेलं ह्याचा निकाल लागला न्हाय. परत आणून ठेवलं तर उसनं नेल्यासारखं होतंय म्हणून तात्या आणेना, आणि मी आणायला गेलो तर दिलं न्हवतं असं होतंय म्हणून मी जाईना. ते बांधावरच उभं राहिलं. त्याच्यावर कापड कोण टाकत होतं ते मला म्हाईत न्हाय. मी कधीमधी टाकलं असंल.

तात्याला मात्र चैन न्हवतं. रोज सकाळ-संध्याकाळ मक्यात शिरायचा आणि तासं धरून चालायचा. कुठं दाणा चुकलाय, कुठं दोन पडलेत, कुठं तास वाकडं गेलंय. त्याला नाव ठेवायला जागा पायजे होती. मी डाळिंबातनं बघायचो. मका गुडघ्याला आला, कमरेला आला, तुऱ्यावर आला, तात्याच्या डोक्याच्या वर गेला. तेव्हाची एक संध्याकाळ, ती माझी त्याची शेवटची भेट. त्याच आठवड्यात पहाटेचा तो अंथरुणातच गेला. त्या दिवशी मात्र ऊन कलतं होतं आणि मक्याच्या मधनं नुसती टोपी चाललेली दिसत होती, थांबत, वाकत, पुन्हा चालत.

मी बांधावरनं हाक मारली, "तात्या, काय बघतोस रं?"

टोपी थांबली. "चूक बघतोय."

"घावली का?"

टोपी खाली वाकली, पुन्हा वर आली.

"अजून न्हाय," तात्या म्हणला, आणि टोपी पुढच्या तासाकडं वळली.